शनिवारचं ओरडणं

शनिवारी दुपारी मी ओरडायला जाते. माझ्या वयाच्या बायका चालायला जातात, पोहायला जातात, चॅरिटी शॉपमध्ये कपडे लावायला जातात. मी ओरडायला जाते. मिडलंड्समधल्या आमच्या छोट्या शहरात एक लेझर सेंटर आहे, नगरपालिकेची व्यायामशाळा म्हणा. त्याच्या मागच्या हॉलमध्ये आठवडाभर बॅडमिंटन आणि निवृत्तांचा व्यायाम चालतो. सीझन सुरू झाला की शनिवारी तिथे मॅट जोडून मैदान आखतात आणि आमच्या भागाची कबड्डी टीम त्यावर खेळते. एक शनिवार घरच्या मैदानावर, एक शनिवार परगावी. मी दोन्हीकडे जाते.

लीग स्वतःला प्रोफेशनल म्हणवते. जर्सीवर स्पॉन्सरचं नाव असतं, मॅच इंटरनेटवर दाखवतात, पंच इस्त्रीच्या कपड्यांत येतात. आमचे गडी मात्र सोमवारी सकाळी आपापल्या कामावर हजर. कॅप्टन लॉरी चालवतो. तो पंजाबी, इथेच जन्मलेला, कबड्डी त्याच्या घरातली. डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा दांडगा गोरा गडी पोस्टमन आहे. रग्बीत त्याला जागा मिळेना म्हणून इकडे आला आणि इथलाच होऊन बसला.

प्रेक्षक जेमतेम साठ-सत्तर, पण थाट बघावा. कॅप्टनचे वडील आणि त्यांचे दोस्त दारापाशी ढोल घेऊन बसतात. पोस्टमनची आई हिरव्या-पिवळ्या लोकरीचे मफलर विणते. टीममधल्या प्रत्येकाकडे तिच्या हातचा एक आहे. टेबलावर समोसे आणि सॉसेज रोल शेजारी शेजारी मांडलेले असतात. मॅच सुरू व्हायच्या आधी सगळे मिळून जमिनीवर पाय आपटतात, हॉल दणाणतो, आणि सेंटरचा मॅनेजर दर वेळी दारातून डोकं आत घालून हात खाली-वर करत 'हळू, हळू' अशी खूण करतो. त्याचं कुणीही ऐकत नाही.

माझी खुर्ची पोस्टमनच्या आईशेजारी. तीन सीझन आम्ही शेजारी बसतोय. हवामान, गुडघे आणि पार्किंग, या तीन विषयांपलीकडे आमची गाडी गेलेली नाही. बाई वाईट नाही. मीच कधी पुढे सरकले नाही.

मी इथे ओरडायला का जाते ते आता सांगायला हवं. माझे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. माणूस गेला की काय काय जातं याच्या याद्या लोक करतात. माझ्या घरातून मराठी गेली. आम्ही दोघं मराठीत भांडायचो. भाजीत मीठ, मुलाचं लग्न, गाडी रिव्हर्स घेताना कुणी कुठे बघायचं, विषय कुठलाही चालायचा. ते गेल्यावर भांडायला माणूस राहिला नाही, आणि हे दुःख कुणाला सांगायची सोय नाही, लोक हसतील.

मुलगा कार्डिफला असतो, युनिव्हर्सिटीत नोकरी. रविवारी न चुकता फोन करतो आणि माझ्यासाठी मराठी बोलतो. 'आई, माझा गाडी सर्विसला गेला आहे,' म्हणतो. पूर्वी मी चूक दुरुस्त करायचे. मग लक्षात आलं की दुरुस्त केलं की तो इंग्लिशवर जातो, म्हणून आता गाडीला खुशाल पुरुष होऊ देते. नॉटिंगहॅमला मराठी माणसं पुष्कळ. एप्रिलमध्ये जयंतीला मी तिथे आवर्जून जाते, तिथे मला कुणी काही विचारत नाही. पण ते वर्षातून एकदा. एरवीच्या कार्यक्रमांना दोन-तीनदा जाऊन पाहिलं. 'तुम्ही कुठल्या?' झालं की पाठोपाठ 'आडनाव काय म्हणालात?' येतं. आडनाव सांगितलं की समोरच्या चेहऱ्यावर एक छोटीशी जुळवाजुळव होते, मग हसू येतं, जरा जास्तच गोड. साठीच्या उंबरठ्यावर मला ते पुन्हा बघायची हौस नव्हती. जाणं सोडलं.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने तपासते. तिथे दिवसभरात लागणारं बोलणं दहा-बारा वाक्यांचं, तेही इंग्लिश. असं करता करता एकदा घरी ओव्हनचा ट्रे उघड्या हाताने धरला, बोटं भाजली, आणि माझ्या तोंडून निघालं, 'आउच.' घरात मी एकटी. ऐकायला चिटपाखरू नाही. भाजल्यावर माणूस 'आई गं' म्हणतो, आणि मी आउच म्हटलं. बोटं नळाखाली धरून मी उभी राहिले आणि मला स्वतःची भीती वाटली.

त्याच महिन्यात लेझर सेंटरच्या काचेवर कबड्डीचं पोस्टर दिसलं. मी सांगलीची. लग्नाआधी कॉलेजकडून आणि जिल्ह्याकडून कबड्डी खेळले आहे, डावा कोपरा. माझी घोटापकड वाखाणली जायची. चढाईला आलेली मुलगी पाय लांबवून कोपऱ्याला शिवायला आली की तिचा घोटा धरायचा आणि मेलं तरी सोडायचा नाही, एवढीच माझी विद्या. मातीच्या मैदानावर कोपरं सोलवटून घ्यायची आणि घरी जाऊन आईच्या शिव्या खायच्या.

पहिल्या मॅचला मी शहाण्यासारखी गप्प बसले होते. पोस्टमन तेव्हा नवखा होता. चढाई करणाऱ्याचा पाय त्याच्यासमोर अक्षरशः वाढून ठेवला होता आणि हा रग्बीच्या सवयीने त्याच्या कमरेला मिठी मारायला निघाला. माझ्याच्याने राहवलं नाही. 'अरे घोटा धर, घोटा! डोळे फुटले का तुझे?' सगळा हॉल वळून बघायला लागला. मी खुर्चीत अंग चोरून बसले, पण छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटत होतं. घरी जाताना गाडीत मी ते वाक्य चार-पाच वेळा पुन्हा मोठ्याने म्हटलं.

मॅचनंतर कॅप्टन माझ्याकडे आला. मी काय ओरडले ते त्याला हवं होतं. मी सांगितलं. तो विचारात पडला आणि मग त्याने मला प्रॅक्टिसला बोलावलं.

त्याचं गणित साधं होतं. पकड करणाऱ्या गड्यांना मागून कुणीतरी सांगायला हवं असतं, कारण त्यांची नजर समोरच्याच्या हातापायांवर असते. तो कुठे वळणार हे मागे बसलेल्याला त्याच्या कमरेवरून आधी कळतं. पण इंग्लिशमध्ये ओरडलं तर समोरच्यालाही कळतं. पंजाबीत ओरडलं तर अर्ध्या लीगला कळतं. मराठी या लीगमध्ये कुणाच्या बापाला येत नव्हती. प्रेक्षकाने काय ओरडावं याला नियम नाही. मी टीमला मोजके शब्द दिले. मुख्य दोन. 'घोटा' म्हटलं की कोपऱ्याने पाय धरायचा. 'साखळी' म्हटलं की मधल्या दोघांनी हातात हात घालून त्याला आतून घेरायचं. पोस्टमन घोट्याला गोटा म्हणायचा. मी म्हटलं, काही म्हण बाबा, पण धर.

तीन सीझन हे चाललं. आमची टीम तळातून वर आली. ढोलवाले माझ्या ओरडण्यावर ठेका धरायला लागले, शाळकरी पोरं टीमच्या रंगात तोंड रंगवून 'साखळीऽऽ' म्हणून किंचाळायची. पोस्टरवर कुणीतरी माझं चित्र काढलं, चष्मा आणि उघडा जबडा. मला सगळे आंटी म्हणतात. हे सगळं मला आवडायचं, अगदी मनापासून आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट खरी. मी जे ओरडत होते ते सगळ्यांना पाठ होतं आणि ऐकू कुणालाच येत नव्हतं. रागाच्या भरात मी मधेच 'मेल्या, झोपलास काय' म्हणायचे, 'भले शाब्बास' म्हणायचे, ते हवेत विरून जायचं. पोस्टमनची आई दर वेळी माझ्याकडे बघून छान हसायची.

गेल्या सीझनची शेवटची मॅच ब्रॅकनेलच्या टीमशी होती, आमच्याच हॉलमध्ये. जिंकलो तर फायनलच्या फेरीत, हरलो तर पुढच्या वर्षी भेटू. त्यांच्या टीममध्ये एक नवा चढाईपटू आला होता. तिशी ओलांडलेला, सावळा, खांदे उतरते, पोटरी मात्र दगडासारखी. पहिल्या चढाईला निघताना त्याने वाकून मध्यरेषेला हात लावला, तोच हात कपाळाला लावला, आणि मांडीवर थाप मारली. ती थाप ऐकून माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. इथले गडी मांडीवर थाप मारतात ती टीव्हीवर बघून. ही थाप मातीतली होती.

तो डाव्या कोपऱ्याकडे सरकला. पाय लांब झाला. मी ओरडले, 'घोटा!' पोस्टमन झेपावला. आणि त्या माणसाने, पोस्टमन हलायच्या आधीच, पाय उचलून घेतला होता. पोस्टमन रिकाम्या मॅटवर आपटला, याने वरून त्याच्या पाठीला हात लावला आणि परत गेला. म्हटलं, चपळ आहे.

दुसऱ्या चढाईला तो आत शिरला. मधले दोघं तयार होते. 'साखळी!' साखळी बंद व्हायच्या आत तो बाहेरच्या बाजूला कापला, जाता जाता कोपऱ्याला शिवला आणि रेषेपलीकडे. तिसऱ्या वेळी मी 'घोटा' म्हणताना त्याच्या पायाकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं. तोंडाने त्याचं कबड्डी-कबड्डी चालू होतं, आणि माझा शब्द आल्याबरोबर त्याचे डोळे हसले. पाय वर गेला. परतताना, रेषा ओलांडून दम सोडल्यावर, तो माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, 'काकू, जरा दमानं!'

काय झालं माझं ते मी कसं सांगू. आमची टीम मार खात होती, आमचे एक-एक करत सगळे गडी बाद होऊन आमच्यावर लोण चढत होता, ढोल बंद पडला होता, आणि मी खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत होते. काकू म्हणाला. दमानं म्हणाला. माझा शब्द तीन वर्षांत पहिल्यांदा कुठेतरी जाऊन पोचला होता.

हाफ-टाइमला टीम बाजू बदलतात, म्हणून मीही माझी खुर्ची उचलून हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेते. मी खुर्ची उचलली तोवर हा पाण्याची बाटली घेऊन समोर उभा. 'द्या इकडे,' म्हणाला आणि खुर्ची काढून घेतली. चालता चालता म्हणाला, 'लेफ्ट कॉर्नर ना तुम्ही?'

'कसं ओळखलंस रे?'

'घोटा कोण मागतं इतक्या वेळा? मधला गडी कधी घोटा मागत नाही. कोपऱ्यातल्यालाच त्याचं वेड.'

त्याने मला आडनाव विचारलं नाही. कुठल्या म्हणूनही नाही विचारलं, ते माझ्या बोलण्यावरूनच त्याला कळलं असावं. तो इचलकरंजीचा निघाला. ब्रॅकनेलला आयटीत, आठ महिने झाले, बायको अजून तिकडेच, व्हिसाची वाट बघतेय. हे सगळं त्याने हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या चालण्यात सांगितलं. भराभर बोलत होता, कुणी मधेच थांबवेल की काय अशा घाईने. मला ती घाई ओळखीची होती.

'तुझ्यामुळे आमची वाट लागली,' मी म्हटलं. 'आता मला तोंड बंद ठेवायला लागणार.'

'नाही हो काकू, बंद नका करू.' त्याने खुर्ची नीट ठेवली, हलत नाही ना ते दाबून बघितलं. 'ओरडा तुम्ही. ऑफिसमध्ये दिवसभर कॉल्सवर इंग्लिश, रूमवर सगळे साउथचे. आज चढाईला गेलो आणि मागून घोटा ऐकू आलं, तर एकदम वाटलं आपल्या तालमीच्या मैदानावर आहे. पॉइंट जाऊ दे गेला तर. मॅचनंतर थांबा, बोलू निवांत.'

'थांबते,' मी म्हटलं.

तो पळत आपल्या टीमकडे गेला आणि दुसऱ्या बाजूने कॅप्टन आला. घामाने निथळत होता. 'आंटी, व्हॉट्स गोइंग ऑन? हाउ डज ही ऑलवेज नो?'

खोटं बोलता आलं असतं. चपळ आहे म्हणता आलं असतं. मी खरं सांगितलं. त्याला माझी भाषा येते.

कॅप्टनने क्षणभर डोळे मिटले. मग अगदी समजूतदारपणे, माझ्या खांद्यावर हात ठेवून तो इंग्लिशमध्ये म्हणाला की हरकत नाही आंटी, आज तुम्ही गप्प बसा, आम्ही आमचं बघून घेऊ.

आज गप्प बसा. त्यात वावगं काही नव्हतं. वीस मिनिटांचा प्रश्न होता. पण आज गप्प बसले आणि यांचं माझ्यावाचून भागलं, तर पुढच्या शनिवारी काय? आणि ब्रॅकनेलच्या त्या माणसाबद्दल बाकीच्या टीमना कळलं, उद्या त्यांनीही कुणी मराठी शोधून आणला, तर माझं काम काय? शनिवारी दुपारी मी घरी बसून काय करायचं? हे सगळं माझ्या मनात एका दमात आलं. आणि त्याच्याबरोबर दुसरंही आलं, ते सांगायला लाज वाटते पण सांगते. कोपऱ्यात उभं राहिलेलं माणूस हे फार हावरट असतं. समोरचा पाय पुढे करतोय असं दिसलं की त्याला दुसरं काही सुचत नाही.

मी इंग्लिशमध्येच म्हटलं, 'नो. मी ओरडते. तुम्ही उलटं करा. घोटा म्हटलं की साखळी, साखळी म्हटलं की घोटा.'

 कॅप्टन हसला आणि पळत जाऊन टीमच्या घोळक्यात शिरला. सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या आणि पोस्टमनने अंगठा वर केला. ही युक्ती त्यांच्यापैकी कुणाची नव्हती. माझी होती, आणि ती सुचायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

दुसरा डाव सुरू झाला. तो चढाईला आला, माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या, बघू आता, अशा. डावीकडे सरकला. मी पूर्ण दमाने ओरडले, 'घोटा!' त्याने पाय उचलून अंग आत घेतलं, आणि मधल्या दोघांची साखळी त्याच्याभोवती बंद झाली. तो खाली गेला. हॉल पेटला. उठताना त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्याला वाटलं असावं माझी चूक झाली, किंवा पोरांनी ऐकलं नाही. त्याने मान हलवून मला धीर दिला. मला!

तो बाद होऊन बाहेर बसला, त्याच्या टीमने गुण मिळवले तसा परत आत आला. आता त्याला संशय आला होता हे त्याच्या चालण्यात दिसत होतं. मी साखळी म्हटलं तेव्हा तो थबकला, आत गेला नाही, बाहेर गेला नाही, रिकामा परतला. पुढच्या चढाईलाही रिकामा. आम्हीही त्यांचे सगळे गडी बाद करून लोण फेडला होता. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि त्याची तिसरी चढाई होती. दोन रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर गडी बाद.

तो रेषा ओलांडून आला. त्याला माहीत होतं, मी खोटं बोलते. मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. त्याने डोक्याने विचार केला असता तर मी म्हणेन त्याच्या बरोबर उलट करायचं, संपलं. मी बघत राहिले. पोस्टमन कोपऱ्यात वाकून उभा होता. मधले दोघं सरकले. तो आत जायला वळला, कमर वळलेली मला स्पष्ट दिसली, आणि मी पोटातून आवाज काढला, मी सांगलीच्या मैदानावर काढायचे तसा, आई काढायची तसा, 'अरे साखळी आली, बाहेर हो!'

टीमला त्यातला 'साखळी' हा एकच शब्द कळणार होता, म्हणजे आता घोटा. बाकीचं फक्त त्याच्यासाठी होतं.

आणि तो बाहेर झाला. डोक्याने नाही झाला. परकी भाषा आधी डोक्यात जाते, आपली आधी पायात जाते. पाय हलून गेल्यावर डोकं पोचतं. त्याचा डावा पाय बाहेरच्या बाजूला टेकला, बरोबर पोस्टमनच्या हाताशी, आणि पोस्टमनने घोटा धरला. मी धरायचे तसाच धरला, दोन्ही हातांनी, गाल मॅटला चिकटवून. तो रेषेकडे हात लांब करत होता, बोटं चार इंचांवर होती. त्याचं कबड्डी-कबड्डी चालूच होतं, बारीक होत होत थांबलं.

शिट्टी वाजली. पुढचं मला नीट सलग आठवत नाही. ढोल वाजत होता. पोस्टमनने येऊन मला खुर्चीसकट उचललं, मी ओरडत होते, सोड, पडेन मी, ते कुणाला कळत नव्हतं. 'आंटी, आंटी' म्हणून सगळे पाय आपटत होते. मॅनेजर दारात आला होता आणि चक्क टाळ्या वाजवत होता. खाली ठेवल्यावर पोस्टमनच्या आईने तिच्या पिशवीतून एक नवाकोरा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला आणि मला मिठी मारली. म्हणाली, पुढच्या रविवारी जेवायला ये, किती दिवस म्हणेन म्हणेन म्हणत होते. मी येते म्हटलं. तीन वर्षं मला हेच हवं होतं, आणि ते मिळत असताना मी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

आमच्या लीगमध्ये पाहुण्या टीमने जाताना पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांशी हात मिळवायची रीत आहे. ते ओळीने यायला लागले. तो शेवटून दुसरा होता. तो येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. 'रागावलास का रे?' हे एक. 'खेळात चालतं असं' हे दुसरं. 'थांबणार होतास ना, बोलू म्हणालास' हे तिसरं. ही वाक्यं मी वर्षानुवर्षं कुणाशी बोलले नव्हते आणि ती सगळी मला तोंडपाठ होती. पण मी आता मराठीत काहीही म्हटलं, तर त्याने ते खरं का मानावं? वीस मिनिटं मी त्याच्याशी मराठीतच बोलत होते.

तो समोर आला. घोट्यावर लाल वळ उठला होता, पोस्टमनच्या बोटांचा. त्याने हात पुढे केला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हसला, व्यवस्थित, सभ्य, ऑफिसमध्ये हसतात तसा.

'वेल प्लेड,' तो म्हणाला. 'सेफ जर्नी होम.'

'थँक यू,' मी म्हटलं. 'यू टू.'

मग तो पुढे सरकला आणि शेजारी पोस्टमनच्या आईचा हात हातात घेऊन, अगदी त्याच आवाजात, तिलाही तेच म्हणाला.